लाकूडकामासाठी मेजर टेप कशी निवडावी आणि कशी वापरावी

रंधा, पटाशी किंवा करवत घ्यायची वेळ आली की लाकूडकाम नव्याने शिकणारा माणूस चार जाणत्यांना विचारतो, पाते पारखून घेतो. मेजर टेप मात्र हार्डवेअरच्या दुकानात जी समोर ठेवली जाईल ती खिशात टाकून घरी आणतो. वास्तविक लाकडावरची पहिली खूण याच टेपच्या भरवशावर पडते, आणि ती खूण चुकली की पुढे करवत कितीही धारदार असली तरी सांधा बसत नाही. घरच्या घरी स्टूल, फडताळ, टेबल किंवा छोटे कपाट करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. बांधकाम, जमीन-मोजणी किंवा शिवणकाम यांच्या टेप वेगळ्या असतात आणि त्यांचा विचार येथे केलेला नाही.

माझे मत आधीच सांगतो. सुट्या फर्निचरसाठी तीन मीटर लांबीची, साधारण १६ मिलिमीटर रुंदीची, एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला मिलिमीटर असलेली, अचूकतेच्या वर्ग दोनची टेप नवशिक्याला पुरेशी असते. ती विकत घेण्यापूर्वी तिच्या टोकाचा हूक तपासावा आणि एक काम सुरू केले की ते संपेपर्यंत दुसऱ्या टेपला हात लावू नये. यांपैकी शेवटची सूचना सर्वांत कमी पाळली जाते आणि सर्वांत जास्त महत्त्वाची आहे. तिचे कारण आकड्यांतूनच दिसते, ते पुढे येईलच.

पहिली पायरी: कामावरून लांबी ठरवणे

प्लायवुडचा मोठ्यात मोठा नेहमीचा ताव आठ फूट बाय चार फूट, म्हणजे सुमारे २४४० बाय १२२० मिलिमीटर असतो. दरवाजाची चौकट सात फुटांच्या आसपास असते, पलंगाची लांबी सव्वासहा-साडेसहा फुटांची असते. या सगळ्यांना तीन मीटरची टेप पुरते. ती हलकी असते, खिशात किंवा ॲप्रनमध्ये बोचत नाही आणि एका हाताने सहज वापरता येते. भिंतीच्या खाचेत बसणारे कपाट किंवा स्वयंपाकघरातील ट्रॉल्या करायच्या असतील तर खोलीचे माप घ्यावे लागते आणि तेथे पाच मीटरची टेप सोयीची ठरते. साडेसात किंवा दहा मीटरच्या टेपची डबी जड असते, तिची स्प्रिंग जोरकस असते, आणि त्या लांबीचा उपयोग फर्निचर करणाऱ्याला क्वचितच होतो. ‘मोठी घेतली तर सगळ्यालाच चालेल’ या हिशेबाने अनेक जण पहिलीच टेप दहा मीटरची घेतात. माझ्या मते हा हिशेब चुकीचा आहे, कारण लहान फळीवर काम करताना ती जड डबी एकसारखी फळीवरून घसरते आणि पट्टी जागची हलते.

दुसरी पायरी: इंच की मिलिमीटर

आपल्याकडे मेट्रिक मापे कायद्याने लागू होऊन साठ वर्षे उलटून गेली, तरी लाकडाचा बाजार अजून दोन्ही भाषा बोलतो. प्लायवुडचा ताव फुटांत मागायचा आणि त्याची जाडी मात्र मिलिमीटरमध्ये सांगायची, ही रोजची रीत आहे: ‘आठ बाय चार, अठरा एमएम’. सागवानाचा भाव घनफुटावर चालतो. वखारीत फळीची लांबी फुटांत, रुंदी व जाडी इंचांत मोजतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि त्याला १४४ ने भागतात. सात फूट लांब, सहा इंच रुंद आणि दोन इंच जाड फळी अशा रीतीने ८४ भागिले १४४, म्हणजे सुमारे ०.५८ घनफूट भरते. हा हिशेब आपला आपल्याला पडताळता यावा म्हणून टेपवर इंच असलेच पाहिजेत.

सुतार इंचाचे आठ भाग करतात आणि त्या एका भागाला सूत म्हणतात. एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. ‘साडेतेवीस इंच एक सूत’ असे माप कोणी सांगितले तर टेपवर साडेतेवीसच्या पुढे आणखी अष्टमांश इंच जायचे. हे माप जवळजवळ नेमके ६०० मिलिमीटर होते. बहुतेक टेपवर इंचाचे सोळा भाग केलेले असतात, म्हणून सर्वांत लहान रेघ अर्ध्या सुताची असते. टेप हातात घेऊन अर्धा सूत, एक सूत, दोन सूत आणि चार सूत अशा रेघा एकदा ओळखून ठेवल्या की मिस्त्रींशी बोलताना अडत नाही.

स्वतःचे रेखाचित्र आणि कापायच्या तुकड्यांची यादी मात्र मिलिमीटरमध्येच करावी, असा माझा आग्रह आहे. ६०० मधून दोन्ही बाजूंची १८-१८ मिलिमीटर जाडी वजा केली की ५६४ हे उत्तर मनातल्या मनात येते. हीच वजाबाकी इंच आणि सुतांत करू गेले की नवशिक्याची गफलत होते. टेपवर सेंटिमीटरचे आकडे छापलेले असतात, त्यामुळे ४७ च्या पुढे तीन रेघा मोजून कागदावर ‘४७.३’ न लिहिता सरळ ‘४७३’ लिहावे. दशांश चिन्ह खोडरबराच्या एका फटकाऱ्यात पुसले जाते. एकाच तुकड्याची लांबी इंचांत आणि रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिण्याची सवय तर लागूच देऊ नये. आठ फूट म्हणजे काटेकोरपणे २४३८.४ मिलिमीटर होतात आणि आपण २४४० म्हणतो. या दीड मिलिमीटरच्या फरकाला मोठ्या तावात महत्त्व नसले तरी खणाच्या मापात आहे.

अमेरिकन बाजारासाठी केलेल्या काही टेप आपल्याकडेही मिळतात. त्यांच्यावर दर सोळा इंचांना लाल चौकट आणि दर १९.२ इंचांना एक काळी चौकोनी खूण दिसते. तिकडच्या लाकडी घरांच्या भिंतींतील खांब आणि तक्तपोशीखालचे वासे ठरावीक अंतरावर लावण्यासाठी त्या खुणा असतात. फर्निचरच्या कामाशी त्यांचा संबंध नाही आणि त्यांच्यामुळे वाचन अधिकच गजबजते, म्हणून शक्यतो साधी छपाई असलेली टेप घ्यावी.

तिसरी पायरी: अचूकतेचा वर्ग वाचणे

चांगल्या टेपच्या पट्टीवर, अगदी सुरुवातीच्या काही सेंटिमीटरमध्ये, लंबगोलात एक रोमन आकडा छापलेला असतो. तो एक, दोन किंवा तीन असतो आणि टेपची अचूकता कोणत्या वर्गाची आहे हे सांगतो. युरोपीय नियमांतील सूत्र असे आहे की लांबी पूर्ण मीटरमध्ये वरच्या आकड्याकडे नेऊन घ्यायची. मग वर्ग एकसाठी जास्तीत जास्त चूक ०.१ अधिक दर मीटरला ०.१ मिलिमीटर, वर्ग दोनसाठी ०.३ अधिक दर मीटरला ०.२, आणि वर्ग तीनसाठी ०.६ अधिक दर मीटरला ०.४ मिलिमीटर चालते. मोजणी हुकापासून सुरू होत असेल तर वर्गानुसार आणखी ०.१, ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरची सूट असते.

आता ६०० मिलिमीटरची एक फळी मोजायची आहे असे धरू. लांबी एक मीटर धरली जाईल. वर्ग दोनच्या टेपला ०.३, ०.२ आणि हुकाची ०.२ अशी मिळून ०.७ मिलिमीटरपर्यंत चूक माफ आहे. वर्ग एकच्या टेपला ०.३ आणि वर्ग तीनच्या टेपला तब्बल १.३ मिलिमीटर. याचा अर्थ असा की दोन्ही टेप वर्ग दोनच्या, दोन्ही नियमात बसणाऱ्या, तरीही एक ०.७ ने जास्त आणि दुसरी ०.७ ने कमी दाखवत असेल तर त्याच फळीवर त्यांच्यात १.४ मिलिमीटरचे अंतर पडू शकते. प्रत्यक्षात एवढे टोकाचे अंतर नेहमी पडत नाही. पण ते पडले तर दोष टेपचा नसतो, दोन टेप एकत्र वापरणाऱ्याचा असतो.

हेच उलट बाजूने पाहावे. एकच टेप वापरून केलेले कपाट अर्ध्या मिलिमीटरने मोठे झाले तर ते कोणाच्याही लक्षात येणार नाही, कारण त्याचा प्रत्येक भाग त्याच प्रमाणात मोठा झालेला असतो आणि भाग एकमेकांत नीट बसतात. कपाटाचा सांगाडा एका टेपने आणि आतला खण दुसऱ्या टेपने केला तर मात्र अडचण येते. नेहमीच्या टेलिस्कोपिक चॅनलला (खण आत-बाहेर सरकवणाऱ्या धातूच्या पट्टीला) खणाच्या प्रत्येक बाजूला साधारण अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर जागा लागते. दोन्ही बाजू मिळून या जागेत एक-दीड मिलिमीटर कमी पडला की खण रखडतो आणि तेवढाच जास्त झाला की चॅनल ओढून बसवावे लागते. म्हणून नवशिक्याने वर्ग एकच्या महाग टेपमागे धावण्यापेक्षा वर्ग दोनची एक टेप घ्यावी आणि तिच्याशी एकनिष्ठ राहावे. जिच्यावर कोणताच वर्ग छापलेला नाही ती टेप स्वस्त असली तरी फर्निचरच्या कामासाठी घेऊ नये.

त्या लंबगोलाजवळ बहुधा ‘२० अंश सेल्सिअस’ असेही छापलेले आढळते. टेपची मापे त्या तापमानाला बरोबर असतात. पोलाद तापले की वाढते. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात एक मीटर पट्टी सुमारे ०.२३ मिलिमीटरने लांब होते. याची काळजी करण्याचे कारण नाही, कारण लाकूड स्वतः याहून कितीतरी जास्त हलते. आडव्या कापाची (वाढीच्या वलयांना समांतर चिरलेली) ३०० मिलिमीटर रुंद सागवानी फळी कोरड्या उन्हाळ्यातून कोकणातल्या पावसाळ्यात गेली आणि तिच्यातील ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर तिची रुंदी दोन मिलिमीटरच्या आसपास वाढते. त्यामुळे घन लाकडाची रुंदी आज मोजून ठेवून महिन्याभराने त्या आकड्यावर विसंबू नये. जोडायच्या दिवशी पुन्हा मोजावी.

चौथी पायरी: पट्टीची रुंदी आणि वक्रता

टेपची पट्टी आडवी पाहिली तर पन्हळीसारखी वाकलेली दिसते. या वक्रतेमुळेच ती हवेत आधाराशिवाय सरळ राहते. अमेरिकेतील हायरम फॅरंड यांनी १९२२ साली अशा पट्टीचे पेटंट घेतले होते. पट्टी जितकी रुंद तितकी ती जास्त लांबपर्यंत ताठ राहते: १६ मिलिमीटरची साधारण मीटर-सव्वामीटरपर्यंत, तर २५ मिलिमीटरची दोन मीटर आणि त्याहूनही पुढे. छताची उंची एकट्याने मोजणाऱ्याला हा गुण फार उपयोगी पडतो.

टेबलावर ठेवलेल्या फळीवर खूण करणाऱ्याला मात्र हीच वक्रता नडते. रुंद पट्टी फळीवर ठेवली की तिचा मधला भाग लाकडाला टेकतो आणि रेघा छापलेल्या कडा दोन-तीन मिलिमीटर वर उचललेल्या राहतात. मग डोळा थोडा डावीकडे झाला की एक माप दिसते आणि उजवीकडे झाला की दुसरे. अरुंद, म्हणजे १३ किंवा १६ मिलिमीटरची पट्टी कमी उचललेली असते आणि तिची कड बोटाने दाबून लाकडाला सहज टेकवता येते. सुतारकामासाठी मी अरुंद पट्टीची बाजू घेतो ती यासाठी. कोणतीही पट्टी असली तरी खूण करताना ती थोडी तिरपी करावी, ज्या कडेवरचे माप वाचायचे ती कड लाकडाला टेकवावी आणि डोळा बरोबर त्या रेघेच्या वर आणावा.

पाचवी पायरी: हूक

टेपच्या टोकाचा हूक दोन-तीन रिव्हेटवर बसवलेला असतो आणि तो किंचित पुढे-मागे सरकतो. नवीन टेप घरी आणल्यावर ‘हूक ढिला आहे’ म्हणून तक्रार घेऊन दुकानात परत जाणारे लोक असतात, आणि रिव्हेट हातोडीने ठोकून तो घट्ट करणारेही असतात. तसे कधीही करू नये. हूक मुद्दाम सैल ठेवलेला असतो आणि त्याच्या सरकण्याचे अंतर त्याच्या पत्र्याच्या जाडीइतके, म्हणजे बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास राखलेले असते.

याचे कारण समजून घेतले की टेपचा निम्मा अभ्यास झाला. फळीच्या टोकाला हूक अडकवून टेप ओढली की हूक बाहेरच्या बाजूला सरकतो आणि त्याचा आतला पृष्ठभाग फळीला टेकतो. तेव्हा शून्य त्या आतल्या पृष्ठभागावर असले पाहिजे. कपाटाच्या आतली रुंदी मोजताना मात्र हूक भिंतीवर दाबला जातो आणि आत सरकतो. आता शून्य त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असले पाहिजे. या दोन पृष्ठभागांमध्ये पत्र्याची जाडी आहे आणि हूक नेमका तेवढाच सरकून ती भरून काढतो. तो ठोकून घट्ट केला तर दोनपैकी एक माप कायमचे चुकते.

सरकण्याचे हे अंतर बरोबर आहे की नाही, हे दुकानातच दोन मिनिटांत तपासता येते. त्यासाठी चांगल्या प्रतीची ३०० मिलिमीटरची स्टीलची फूटपट्टी सोबत न्यावी, जिचे शून्य अगदी तिच्या टोकावर आहे. टेपचा हूक फूटपट्टीच्या टोकाला अडकवून हलकेच ओढावा आणि टेप फूटपट्टीवरच अशी ठेवावी की दोन्हींच्या रेघा शेजारी दिसतील. १००, २०० आणि ३०० या तिन्ही ठिकाणी रेघा जुळल्या पाहिजेत. नंतर फूटपट्टीचे टोक काउंटरच्या उभ्या बाजूला टेकवावे, टेपचा हूकही त्याच बाजूला दाबावा आणि पुन्हा त्याच तीन ठिकाणी पाहावे. ओढून आणि दाबून अशा दोन्ही वेळी रेघा जुळल्या तर हूक उत्तम आहे. ओढून जुळल्या आणि दाबून अर्ध्या मिलिमीटरने चुकल्या तर दुकानदाराकडून त्याच जातीची दुसरी टेप मागावी. एकाच खोक्यातल्या दोन टेपमध्येही असा फरक आढळतो, म्हणून दुसरी तपासल्याशिवाय घेऊ नये. कोणी कंटाळा केला तरी आपण संकोचू नये. मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळी अशा जुन्या हत्यारांच्या बाजारांत एकाच जातीच्या अनेक टेप पाहून निवडता येतात.

हूक पट्टीशी काटकोनात आहे ना, हेही बाजूने पाहावे. तो आत झुकलेला असेल तर फळीच्या टोकाला फक्त त्याचे खालचे टोक टेकते आणि फळीच्या जाडीप्रमाणे माप बदलते. हुकाला बारीक खाच असेल तर ती लहान खिळ्याच्या डोक्यात अडकवून टेपने मोठे वर्तुळ आखता येते. चुंबक असलेला हूक लाकूडकामात नको, कारण तो कार्यशाळेतील स्क्रू आणि लोखंडाचा कीस गोळा करतो आणि हुकाच्या आतल्या बाजूला चिकटलेला एक कणही माप बिघडवतो.

सहावी पायरी: उरलेले तपशील

पट्टीवर चकाकी नसलेले नायलॉनचे आवरण असेल तर छपाई जास्त टिकते आणि बल्बचा उजेड डोळ्यावर परावर्तित होत नाही. लॉक अंगठ्याने दाबायचे साधे असावे. दाबून पाहिल्यावर पट्टी तसूभरही मागे सरकता कामा नये. टेप हातात धरून आकडे सुलटे दिसतात की उलटे, हे स्वतःच्या सवयीने पाहावे. उजव्या हातात पेन्सिल धरणाऱ्यांपैकी पुष्कळ जण डाव्या हातात डबी धरून पट्टी उजवीकडे ओढतात आणि त्यांना नेहमीच्या टेपवरचे आकडे उलटे दिसतात. मग घाईत ६ चा ९ वाचला जातो. अशांनी फळीच्या डाव्या टोकाला हूक अडकवून डबी उजवीकडे ठेवण्याची सवय करावी.

मोजताना

माप घेण्याइतकेच खूण करण्याला महत्त्व आहे. बोथट पेन्सिलीची रेघ सहज एक मिलिमीटर जाड होते, आणि मग त्या रेघेच्या कोणत्या बाजूने कापायचे हा प्रश्न उभा राहतो. टेपच्या रेघेपाशी टोकदार पेन्सिलीने बाणाच्या टोकासारखी खूण करावी, बाणाचे टोक नेमक्या मापावर आणावे, मग टेप बाजूला ठेवून गुण्या (काटकोन आखायचे साधन) लावावा आणि त्या टोकातून रेघ ओढावी. करवतीचे पाते जेवढे लाकूड खाते ते नेहमी टाकाऊ तुकड्याच्या बाजूला पडले पाहिजे, म्हणून त्या बाजूवर लगेच फुली मारून ठेवावी. एका फळीतून चार तुकडे काढायचे असतील तर चारही मापे एकदम आखू नयेत, कारण प्रत्येक कापात दोन-तीन मिलिमीटर लाकूड जाते. एक तुकडा कापावा आणि मग पुढचे माप घ्यावे.

हुकावर विश्वास नसेल किंवा फार नेमके माप हवे असेल तर हूक सोडून १०० मिलिमीटरची रेघ फळीच्या टोकावर धरून मोजतात. रीत चांगली आहे, परंतु शेवटी १०० वजा करायचे राहून गेले की तुकडा नेमका दहा सेंटिमीटरने लांब होतो. या रीतीने मोजायचे असेल तर वाचलेला आकडा कागदावर लिहावा, त्याच्यापुढे ‘वजा १००’ लिहावे आणि उत्तरावर गोल करावा. तोंडी हिशेब करू नये.

कपाटाच्या आतले माप घेणे सर्वांत अवघड असते. पट्टी कोपऱ्यात वाकवून अंदाजाने वाचलेले माप दोन मिलिमीटरनेही चुकते. डबीवर तिची स्वतःची लांबी छापलेली असते. डबी एका बाजूला टेकवून, पट्टीवर दिसणाऱ्या मापात ती लांबी मिळवली की आतले माप मिळते. ही छापील लांबीही एकदा दोन ठोकळ्यांच्या मध्ये तपासून घ्यावी. याहून खात्रीचा उपाय म्हणजे दोन बारीक सरळ पट्ट्या घेऊन त्या एकमेकींवर सरकवत दोन्ही टोके बाजूंना टेकवायची, त्या जागी क्लॅम्पने धरून ठेवायच्या आणि बाहेर काढून मोजायच्या किंवा त्यांच्यावरूनच थेट फळी आखायची.

चौकट काटकोनात आहे का, हे पाहताना टेपसारखे दुसरे सोयीचे साधन नाही. समोरासमोरच्या बाजू समान असतील तर दोन्ही कर्ण मोजावेत आणि ते सारखे आले की चौकट काटकोनात आहे असे समजावे. एक कर्ण मोठा आला तर त्या दिशेने क्लॅम्प लावून फेव्हिकॉल सुकण्यापूर्वीच हलके दाबावे. कोपऱ्यापासून एका बाजूवर ६०० आणि दुसऱ्या बाजूवर ८०० मिलिमीटरवर खुणा करून त्यांच्यातले अंतर १००० भरते का, हेही पाहता येते. ही जुनी ३-४-५ ची रीत मोठ्या तावावर गुण्यापेक्षा भरवशाची ठरते, कारण गुण्याची बाजू लहान असते.

टेप कोठे वापरू नये

कुसू आणि खोबणीचा सांधा (एका लाकडाच्या टोकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते तो), चॅनलच्या स्क्रूची जागा किंवा बिजागरीची खाच यांसाठी टेप बाजूला ठेवावी. तीनशे मिलिमीटरच्या आतली मापे स्टीलच्या फूटपट्टीने घ्यावीत, कारण ती सपाट लाकडाला टेकते आणि तिला सरकणारा हूक नसतो. प्लायची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी. अठराचे म्हणून घेतलेले प्लाय पुष्कळदा थोडे कमी भरते आणि खोबणी त्या प्रत्यक्ष जाडीवर काढावी लागते. फडताळाचे चारही कप्पे समान हवेत तर प्रत्येक कप्पा टेपने मोजण्याऐवजी एका सरळ काठीवर सगळ्या खुणा एकदाच कराव्यात आणि ती काठी दोन्ही उभ्या फळ्यांना लावून खुणा उतरवाव्यात. काठी कोणतेही माप बोलत नाही, पण दोन्हीकडे सारखेच उतरवते, आणि सुतारकामात बहुतेक वेळा तेवढेच हवे असते. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते म्हणून ती येथे नको. लेसर मीटर खोल्या मोजायला उत्तम असला तरी नेहमीच्या उपकरणांत एक-दोन मिलिमीटरची चूक धरलेली असते, त्यामुळे त्याच्या आकड्यावर फळी कापू नये.

टेपची निगा

टेप सर्वांत लवकर बिघडते ती लॉक सोडून पट्टी सपकन आत जाऊ देण्याने. प्रत्येक वेळी हूक डबीच्या तोंडावर आपटतो, रिव्हेटची भोके मोठी होतात आणि हूक हवा त्यापेक्षा जास्त सरकू लागतो; शिवाय सुटलेल्या पट्टीची कड बोट कापू शकते. पट्टी आत जाताना तिच्या खाली बोट ठेवून ती शेवटी हळू करावी. टेप हुकावर पडली तर पुढची फळी कापण्यापूर्वी फूटपट्टीची वरची चाचणी पुन्हा करावी.

फेव्हिकॉलचे ओले बोट पट्टीला लागू देऊ नये. वाळलेल्या फेव्हिकॉलचा पातळ पापुद्रा पहिल्या काही मिलिमीटरच्या रेघा झाकतो, आणि हुकाच्या आतल्या बाजूला बसला तर त्याची जाडी प्रत्येक मापात शिरते. तो ओल्या फडक्याने भिजवून नखाने काढावा, पटाशीने खरवडू नये. पट्टी आठवड्यातून एकदा पूर्ण बाहेर काढून कोरड्या कापडाने पुसावी, म्हणजे भुसा डबीत जाऊन स्प्रिंग अडत नाही. किनारपट्टीवर आणि पावसाळ्यात पट्टी ओली झाली तर आत जाऊ देण्याआधी कोरडी करावी, आणि यंत्राच्या पातळ तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन ती पुसून ठेवावी. तेलाचा अंश राहिलेली पट्टी मात्र पॉलिश करायच्या लाकडावर टेकवू नये, डाग उतरतो.

पहिल्या दहा सेंटिमीटरची छपाई पुसट झाली, पट्टीला आडवी मोड पडली किंवा हूक दाबून आणि ओढून वेगवेगळी मापे दाखवू लागला, की ती टेप फर्निचरच्या कामातून काढावी. वखारीत लाकूड मोजायला आणि ताव ठोकळ मानाने कापायला ती आणखी काही वर्षे चालते; फक्त तिच्या डबीवर लाल रंगाची ठळक पट्टी ओढून ठेवावी, म्हणजे कामाच्या मध्यावर ती चुकून हातात येणार नाही.